पासंग

नियम असा की हात लावायचा तो पोरांनीच.
मी दोरीच्या अलीकडे.
एकतीस वर्षं वर्कशॉप सांभाळलेला माणूस
खिशात हात घालून उभा राहतो तेव्हा
खिसे फाटायला येतात.

पिओरियातला जून. नदीकडून दमट वारा,
पाणी मारून, रोलर फिरवून धोपटलेली माती,
आणि तिसेक कॉलेजांचे तिसेक ट्रॅक्टर,
वासराएवढे,
रंग अजून बोटाला लागेल असे.

आमचा काल संध्याकाळी काट्यावर चढला
आणि साडेसहा पौंड जास्त भरला.
साडेसहा पौंड म्हणजे काय हो,
तान्हं बाळ तेवढं असतं.
पण काट्याला बाळ कळत नाही.
मग पार्किंगच्या दिव्याखाली रात्रभर
कोल्बी गिरमिटाने भोकं पाडत बसला,
अब्दिरिझाकने सीटखालची पट्टी कापली,
आणि मारेनने स्वतः घातलेली वेल्डची टीप,
मार्चमध्ये तीनदा उसवून चौथ्यांदा जमलेली,
कानशीने घासून सपाट केली.
त्याने दोन औंससुद्धा उतरले नसतील.
पापण्यांवर लोखंडाची भुकटी घेऊन मला म्हणाली,
हलकं कशाला व्हायचं, ठाऊक आहे?
हवं तिथे जड होता यावं म्हणून.
नाकावर पासंग टांगायला जागा उरावी म्हणून.
मीच शिकवलं होतं तिला, दुसऱ्या वर्षाला.
मी मान हलवली,
नवीन काही ऐकल्यावर हलवतात तशी.

सकाळी इंजिन सुरू झालं
आणि मला ऐकू आलं.
मागच्या उजव्या बेअरिंगमध्ये बारीक कण्हणं,
सायलेन्सरच्या गडगडाटाखाली,
घासात खडा लागावा तसं.
कोल्बी घड्याळ बघत होता,
अब्दिरिझाक टायरातली हवा,
मारेन सीटवर, हेल्मेटचा पट्टा ओढत.

मी खाकरलो.
खाकरणं नियमात बसतं की नाही, कुणी सांगितलेलं नाही.
शेजारी पंच होत्या, ओल्थोफबाई,
आयुष्यभर गिअरबॉक्सची चित्रं काढून निवृत्त झालेल्या.
त्यांनीही ऐकलं होतं.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं
आणि मग दोघांनीही मातीकडे.

ओढगाडीची खोड अशी,
जितकं ओढाल तितकी ती जड होत जाते.
पाठीवरची पेटी सरकत पुढे येते
आणि तुमचंच पुढे जाणं तुमच्यावर लादते.
पन्नास फूट. शंभर.
पुढची चाकं उचलली, टेकली, परत उचलली,
लोक उभे राहिले, कोल्बी ओरडत होता,
एकशे बेचाळीसला
तो आवाज झाला
जो मी सकाळपासून गिळून उभा होतो.

मारेन उतरली.
हातमोजा काढून बेअरिंगवर तळवा ठेवला,
झटकन मागे घेतला, फुंकला.
रडली नाही. दोरीपाशी आली.
हे सकाळपासून बोलत होतं ना?
मी म्हणालो, हो.
तिने माझे हात पाहिले.
कोरडे, पांढरे, नखंसुद्धा स्वच्छ.
इतके स्वच्छ ते मीही कधी पाहिले नव्हते.

अठरावे आलो.
परतताना आयोवात, मध्यरात्र उलटल्यावर
डिझेल भरायला थांबलो.
दोन्ही बाजूंना अंधार आणि गुडघाभर मका.
पोरं कॉफी आणायला आत गेली.
मारेन मागे राहिली.
ट्रेलरच्या चाकापाशी उकिडवी बसून
तिने हबला उलटा हात लावला,
तापलेल्या कपाळाला लावतात तसा.
मग दुसऱ्या चाकाला. मग तिसऱ्या.
मी पंपावरचे आकडे वाचत राहिलो.
चौथ्यापाशी ती जरा जास्त वेळ थांबली,
आणि वर न बघता
माझ्याकडे हात पुढे केला.

इथे दोरी नव्हती.
मी खिशातून पाना काढला,
दिवसभर मुठीत राहून
गरम झालेला.